कमानीखालची वाट : इंग्लंडचे कालवे, अरुंद पूल आणि रुंद बोटी

इंग्लंडमधल्या जुन्या कालव्यावर पूल आला की पाणी आकसते. दहा-बारा मीटर रुंद पसरलेला संथ कालवा पुलापाशी येताच विटांच्या दोन भिंतींमध्ये शिरतो, चार-पाच मीटरच्या गळ्यातून पलीकडे जातो आणि पुन्हा ऐसपैस होतो. या गळ्याला तिथले नावाडी ‘ब्रिज होल’, म्हणजे पुलाचे भोक, म्हणतात. शब्द ओबडधोबड आहे, पण नेमका आहे. कालवा मैलोन्‌मैल कितीही रुंद असला तरी जलमार्ग म्हणून त्याची रुंदी सर्वांत अरुंद भोकाएवढीच धरावी लागते. कोणत्या कालव्यावर केवढी बोट चालायची, तिचे छप्पर किती उंच आणि भिंती किती कललेल्या असायच्या, समोरासमोर आलेल्या दोन बोटींपैकी आधी कोणी जायचे, या सगळ्या गोष्टी अडीचशे वर्षे या भोकांनी ठरवल्या आहेत. आज तिथे मालवाहतूक जवळपास उरलेली नाही. पण घर म्हणून वापरल्या जाणाऱ्या रुंद बोटींची संख्या वाढते आहे, आणि पुलाखालचा जुना पेच त्यांच्यासोबत परत आला आहे.

कालवा म्हटला की मराठी वाचकाला खडकवासल्याचा किंवा नीरेचा कालवा आठवतो : धरणातून निघून उताराने शेताकडे धावणारे पाणी. वाहतुकीसाठी खणलेला कालवा वेगळा असतो. त्यातले पाणी जवळजवळ स्थिर असते. एका पातळीवरचा लांबलचक डोह, मग लॉक, मग वरच्या किंवा खालच्या पातळीवरचा पुढचा डोह, अशी ती साखळी असते. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारे असलेला बांधीव हौद. मराठीत त्याला जलपाश म्हणतात. बोट आत घ्यायची, दार लावायचे, पाणी भरायचे किंवा सोडायचे, आणि बोट पुढच्या डोहाच्या पातळीला आली की दुसरे दार उघडायचे. प्रत्येक खेपेला हौदभर पाणी वरच्या डोहातून खालच्या डोहात जाते. हे पाणी डोंगरमाथ्यावरच्या तलावांतून आणावे लागते, त्यामुळे हौदाचा आकार हा प्रत्येक कालवा कंपनीचा पहिला आर्थिक प्रश्न होता.

त्या प्रश्नाचे उत्तर जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने दिले. ब्रिंडली मूळचा गिरण्यांची चक्रे बसवणारा कारागीर. तिसरा ड्यूक ऑफ ब्रिजवॉटर याच्या वर्सली येथील खाणींतला कोळसा मँचेस्टरला नेणारा कालवा १७६१ मध्ये सुरू झाला, त्यात ब्रिंडलीचा मोठा वाटा होता. हा कालवा रुंद होता. इर्वेल नदीवर बार्टन येथे उचललेल्या जलसेतूवरून तो वाहत होता आणि तो पाहायला लांबून लोक येत. लगेच, १७६६ मध्ये, ट्रेंट आणि मर्सी या दोन नद्यांना जोडणाऱ्या कालव्याचे काम निघाले. त्याच्या वाटेत हेअरकॅसलची टेकडी आडवी होती. तिच्यातून अडीच किलोमीटरहून लांब बोगदा खणायचा होता, तोही कुदळ, फावडी आणि सुरुंगाची दारू यांच्या बळावर. बोगद्याच्या रुंदीचा प्रत्येक जादा फूट म्हणजे हजारो टन जादा खडक. ब्रिंडलीने बोट सुमारे ७ फूट (२.१ मीटर) रुंद आणि सुमारे ७० फूट (२१ मीटर) लांब धरली, आणि लॉक, बोगदा व पूल तिच्या मापाने बांधायला घेतले. या लॉकमध्ये साधारण २ मीटरचा चढ असला तर एका खेपेला सुमारे १ लाख लिटर पाणी लागते. दुप्पट रुंदीच्या लॉकला दुप्पट लागले असते. ब्रिंडली १७७२ मध्ये वारला. बोगदा आणि कालवा १७७७ मध्ये पुरे झाले.

सात फुटांचे हे माप एका टेकडीच्या खर्चातून निघाले आणि पुढे मध्य इंग्लंडभर पसरले, कारण ट्रेंट-मर्सीला जोडायचे तर दुसऱ्या कालव्यालाही त्याच मापाच्या बोटी घ्याव्या लागत. कॉव्हेंट्री, ऑक्सफर्ड, बर्मिंगहॅम, स्टॅफर्डशर-वुस्टरशर असे जाळे विणले गेले. सात फुटांहून थोडी कमी रुंद, सत्तर फूट लांब आणि पंचवीसेक टन माल नेणारी बोट एक घोडा आरामात ओढत असे. तिला ‘नॅरोबोट’ हे नाव पडले. त्या काळच्या खडबडीत रस्त्यावर एका घोड्याची गाडी एखाद-दोन टनांपलीकडे क्वचितच जाई, हे लक्षात घेतले तर ब्रिंडलीचा निर्णय तोकडा होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्याच्या समोरच्या प्रश्नाला त्याने दिलेले उत्तर बरोबरच होते. अडचण पुढच्या पिढ्यांची झाली, कारण दगड-विटांत बांधलेले माप सहजासहजी बदलत नाही.

या जाळ्याबाहेरचे काही कालवे मात्र मोठ्या मापाचे झाले. लीड्स-लिव्हरपूल कालवा १७७० मध्ये सुरू होऊन १८१६ मध्ये पुरा झाला. लंडनपासून ब्राउन्स्टनपर्यंतचा ग्रँड जंक्शन, पेनाइन डोंगर ओलांडणारा रॉचडेल, रेडिंग आणि बाथ या गावांना जोडणारा केनेट-एव्हन, यांच्या लॉकमध्ये सुमारे १४ फूट (४.३ मीटर) रुंद बोट मावते, किंवा दोन नॅरोबोटी शेजारी शेजारी. नकाशावर हे रुंद कालवे उत्तरेला आणि दक्षिणेला आहेत, मध्ये सात फुटी जाळे आहे. त्यामुळे लीड्सची चौदा फुटी बोट कालव्या-कालव्यांनी लंडनला आजही जाऊ शकत नाही. काही कालव्यांत तर एकाच अंगावर दोन मापे आहेत. वुस्टर-बर्मिंगहॅम कालवा रुंद म्हणून सुरू झाला, त्याचे वरच्या टोकाचे बोगदेही रुंद खणले गेले, आणि मग पैसा व पाणी दोन्ही वाचवण्यासाठी टार्डेबिगच्या उतारावर सलग ३० लॉक अरुंद बांधण्यात आले. ट्रेंट-मर्सीच्या पूर्व टोकालाही, बर्टनच्या खाली, लॉक रुंद आहेत, पण बर्टनच्या वर गेले की सात फुटी जग सुरू होते.

पूल इतके अरुंद का झाले, याचे मूळ जमिनीच्या मालकीत आहे. प्रत्येक कालव्यासाठी संसदेचा स्वतंत्र कायदा लागे, आणि त्यात कंपनीवर एक अट हमखास घातलेली असे : कालव्याने शेताचे दोन तुकडे केले तर शेतकऱ्याला पलीकडे जाण्यासाठी पूल बांधून द्यायचा. रस्त्यांचे पूल वेगळेच. त्यामुळे मैलाला दोन-तीन पूल ही नेहमीची गोष्ट झाली, आणि एकेका कंपनीला शेकडो पूल बांधावे लागले. कालव्याच्या पूर्ण रुंदीवर कमान टाकायची तर ती उंच होते, तिच्या दोन्ही बाजूंचे भराव लांबतात, विटा-दगड वाढतात आणि शेतकऱ्याच्या गाडीला चढ जड जातो. कालवाच आवळून घेतला की सगळे स्वस्तात होते. म्हणून बोट जेमतेम जाईल एवढे पाणी आणि शेजारी घोडा जाईल एवढी वाट, यांच्यावर एक लहान, बाकदार कमान टाकायची पद्धत रूढ झाली. या पुलांना आता लोक जिव्हाळ्याने जपतात. त्यांतले बरेचसे वारसा म्हणून संरक्षित आहेत, म्हणजे ते पाडून रुंद करण्याची वाटही बंद आहे.

अरुंद गळ्याचा आणखी एक उपयोग अभियंत्यांनी करून घेतला. पुलाच्या भिंतींत उभ्या खाचा ठेवलेल्या असतात. डोहाचा काठ फुटला किंवा दुरुस्तीसाठी पाणी सोडायचे असले तर या खाचांत फळ्या एकावर एक बसवून कालवा तिथेच बंद करता येतो. कमी रुंदी म्हणजे लहान फळ्या आणि झटपट काम.

बोट घोडा ओढत असे, म्हणून काठाने अखंड घोडवाट लागे आणि तीही पुलाखालूनच न्यावी लागे. घोडवाट एका काठावरून दुसऱ्या काठावर जाते तिथे वळणाचे खास पूल बांधले गेले. मॅकल्सफील्ड कालव्यावरचे असे पूल फार देखणे आहेत : घोडा चढून पलीकडे जातो, गोल फिरून त्याच पुलाखालून निघतो, आणि दोर सोडावा लागत नाही. स्ट्रॅटफर्ड कालव्यावर काही पुलांच्या मधोमध बारीक फट ठेवलेली आहे, त्या फटीतून दोर ओवून घोडा पलीकडे नेता येई. ओला, वाळूने माखलेला दोर वर्षानुवर्षे कोपऱ्यावर घासून दगडात आणि लोखंडातसुद्धा खोल चरे पडले. लंडनच्या रीजंट्स कालव्यावरच्या मॅकल्सफील्ड पुलाखाली १८७४ मध्ये बंदुकीची दारू नेणाऱ्या बोटीचा स्फोट होऊन पूल उडाला. लोखंडी खांब शाबूत राहिले होते. पूल पुन्हा उभारताना ते फिरवून बसवले, म्हणून त्या खांबांवर आज दोन्ही अंगांना दोराचे चरे दिसतात : एका बाजूला स्फोटापूर्वीचे, दुसऱ्या बाजूला नंतरचे. ऑक्सफर्ड कालव्याच्या दक्षिण भागात उचलायचे लाकडी पूल आहेत, लीड्स-लिव्हरपूलवर फिरवून बाजूला करायचे पूल पुष्कळ आहेत. तिथे डोक्यावर काही राहत नाही, पण पाण्याचा गळा तसाच अरुंद असतो.

कमानीखालून बोट जाईल की नाही, हे नुसती रुंदी मोजून कळत नाही. कमान गोल आणि बोटीची केबिन चौकोनी, त्यामुळे छपराचा कोपरा हाच खरा अडसर असतो. शिवाय घोडवाट एका बाजूला असल्यामुळे पाणी कमानीच्या मधोमध नसून एका अंगाला सरकलेले असते. एक साधे उदाहरण घेऊ. अर्धवर्तुळाकार कमान आहे, तिची त्रिज्या ३ मीटर आणि मध्य पाण्याच्या पातळीवर. सहा मीटरपैकी दीड मीटर घोडवाटेने घेतले, उरले साडेचार मीटर पाणी. बोट ३.६ मीटर रुंद असून तिच्या छपराचा कोपरा पाण्यापासून १.८ मीटर उंच आहे. ही बोट पाण्याच्या बरोबर मधून नेली तर दोन्ही बाजूंना ४५ सेंटिमीटर जागा सुटते आणि वाटते की झाले. पण घोडवाटेच्या विरुद्ध बाजूचा कोपरा कमानीच्या मध्यापासून २.५५ मीटरवर येतो. तिथे कमानीची उंची जेमतेम १.५८ मीटर भरते. छप्पर आपटणार. तीच बोट घोडवाटेला चिकटून नेली तर तो कोपरा २.१ मीटरवर येतो आणि वर २.१४ मीटर उंची मिळते. बोट सुखरूप जाते. हिशेब पुढे नेला तर या बोटीला डावी-उजवीकडे सरकायला एकूण ३० सेंटिमीटरची मुभा आहे. त्याच पुलाखाली तेवढ्याच उंचीच्या, २.१ मीटर रुंद नॅरोबोटीला १.८ मीटरची मुभा मिळते. रुंदी पावणेदोन पटही वाढलेली नाही, पण चुकायची जागा सहाव्या हिश्श्यावर आली आहे.

म्हणूनच रुंद बोटींना जुने नावाडी घोडवाटेच्या बाजूने राहायला सांगतात, आणि म्हणूनच बोट बांधणारे केबिनच्या भिंती आतल्या बाजूला कललेल्या ठेवतात. हा कल थोडा असतो, पण छपराच्या कोपऱ्याला काही सेंटिमीटर मिळवून देतो. पाण्याची पातळीही महत्त्वाची. पावसाने डोह भरला तर कमान तेवढीच खाली येते. उन्हाळ्यात पाणी उतरले तर डोक्यावर जागा होते, पण तळाला बोट टेकायची भीती वाढते. बहुतेक पुलांवर क्रमांकाची पाटी असते. अनुभवी लोक अडचणीचे पूल त्या क्रमांकानेच ओळखतात, जसे घाटातले अवघड वळण ट्रकवाल्यांना नावानिशी ठाऊक असते.

आतापर्यंत विचार झाला तो दगडाचा. पण पुलाखाली बोट बहुतेक वेळा फसते ती पाण्यामुळे. बोट पुढे सरकते तेव्हा तिने व्यापलेल्या जागेतले पाणी बाजूंनी आणि तळाखालून मागे जावे लागते. उघड्या कालव्यात त्याला वाट असते, पुलाच्या भोकात ती फार थोडी उरते. वरच्याच उदाहरणातले साडेचार मीटरचे भोक १.२ मीटर खोल आहे आणि बोटी पाण्यात ६० सेंटिमीटर बुडतात असे धरले, तर नॅरोबोट भोकाचा सुमारे २३ टक्के भाग अडवते, रुंद बोट ४० टक्के. उरलेल्या फटीतून पाणी उलटे धावते. नॅरोबोटीच्या बाबतीत त्याचा वेग बोटीच्या वेगाच्या तीन दशांश होतो, रुंद बोटीच्या बाबतीत दोन तृतीयांश. वेगाने धावणाऱ्या पाण्याचा दाब घटतो आणि त्याची पातळी उतरते, हे अठराव्या शतकातच बर्नुलीने मांडलेले तत्त्व. परिणाम असा की बोटीभोवतीचे पाणी खाली जाते, बोट बसते आणि तळाच्या गाळाजवळ जाते. ती एका भिंतीजवळ सरकली तर त्या बाजूचे पाणी अधिक जोरात पळते, दाब अधिक घटतो आणि भिंत बोटीला, विशेषतः तिच्या मागच्या भागाला, ओढून घेते. सुकाणूवर उभ्या असलेल्या माणसाला एवढेच जाणवते की बोट अचानक जड झाली, इंजिनाचा आवाज बदलला आणि सुकाणू ऐकेनासे झाले. इंजिनाचा जोर वाढवला तर उलटी धार वाढते आणि बोट आणखीच बसते. या टप्प्यावर जोर कमी करणे हाच उपाय असतो, आणि नवशिक्याला तोच सुचत नाही.

अरुंद कालव्यातले पाणी किती विलक्षण वागते, याची एक नोंद विज्ञानाच्या इतिहासात अमर झाली आहे. १८३४ मध्ये जॉन स्कॉट रसेल हा स्कॉटिश अभियंता एडिंबरोजवळ युनियन कालव्याच्या काठी घोड्यावरून एका बोटीचे निरीक्षण करत होता. दोन घोडे ती जोरात ओढत होते. बोट एकाएकी थांबली, पण तिच्यासोबत चाललेले पाणी थांबले नाही. त्याचा गुळगुळीत, गोल उंचवटा नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, सुटला आणि एकटाच पुढे निघाला. रसेलने घोडा मागे घातला. सुमारे एक ते दीड फूट उंचीची ती लाट ताशी आठ-नऊ मैलांच्या वेगाने मैल-दोन मैल आकार फारसा न बदलता गेली आणि मग कालव्याच्या वळणांत दिसेनाशी झाली. या एकाकी लाटेच्या गणितातून पुढे भौतिकशास्त्राची एक शाखाच उभी राहिली. बोटीने ढकललेले पाणी बोटीपेक्षा वेगळे, स्वतःच्या नियमाने चालणारे असते, हे कालव्यावर काम करणाऱ्यांना मात्र आधीपासून ठाऊक होते. जोरात आलेली बोट पुलापाशी आली की तिच्या पुढे ढकलली गेलेली लाट आधी भोकात शिरते आणि कमानीखाली पाणी चढते. बोट भोकात पोचते तेव्हा तिला उतरत्या, उलट्या धावणाऱ्या पाण्यातून वाट काढावी लागते.

यातून पुलाखालून जाण्याची रीत घडली. वेग आधीच, पुलापासून चांगला लांब असताना उतरवायचा. कालव्यांवरची वेगमर्यादा ताशी ४ मैल, म्हणजे सुमारे साडेसहा किलोमीटर आहे, पण अरुंद भोकात चालण्याचा वेगही जास्त होतो. वळणाआड पूल असेल तर एक लांब भोंगा द्यायचा आणि कान देऊन ऐकायचे. बोट मागून चालवली जाते आणि ती साधारण आपल्या मध्याभोवती फिरते. नाळ डावीकडे वळली की मागचा भाग उजवीकडे झुलतो. म्हणून नाळ भोकात शिरण्यापूर्वी संपूर्ण बोट सरळ रेषेत आणावी लागते, आणि मागचा भाग बाहेर पडेपर्यंत वळण घेता येत नाही. अठरा मीटरच्या बोटीच्या बाबतीत हा काळ बराच मोठा वाटतो. भोकात शिरल्यावर इंजिनाचा पाण्यातला पंखा हळू, पण फिरता ठेवायचा, कारण सुकाणूला पकड मिळते ती पंख्याने मागे फेकलेल्या पाण्यामुळे. पंखा थांबला तर बोट नुसतीच वाहत राहते. उलटा पंखा शेवटचा उपाय, कारण उलट्या फिरण्याने बोटीचा मागचा भाग एका बाजूला सरकतो आणि सरळ आलेली बोट तिरकी होते.

बाकीची पथ्ये साधी आहेत. बाजूला लोंबणारे रबरी किंवा दोरखंडी गोळे वर घ्यायचे. ते बोटीला वाचवतील असे वाटते, प्रत्यक्षात ते भिंतीत आणि बोटीत अडकून बसतात. छपरावरच्या सायकली, कुंड्या, धुराडे मधोमध आणायचे किंवा उतरवायचे. आणि बोट भिंतीवर जाऊ लागली तर तिला हाताने किंवा पायाने कधीही थोपवायचे नाही. वीस-पंचवीस टनांची बोट माणसाच्या चालीने येत असली तरी तिच्यात आणि विटांच्या भिंतीत सापडलेले हाड टिकत नाही. मोठ्या रुंद बोटीवर नाळेपाशी दुसरा माणूस उभा करतात. पुलापलीकडे काय आहे हे त्याला मागच्या सुकाण्याच्या कितीतरी आधी दिसते. वारा असेल तर त्याचाही हिशेब हवा. उंच, सपाट बाजूची बोट वाऱ्याने तिरकी होत जाते आणि पुलाच्या आडोशाला आली की एकदम सरळ होऊ पाहते. समोरून बोट आली तर पुलाला जी जवळ ती आधी जाते. दोघी सारख्याच अंतरावर असतील तर ज्याच्याकडे थांबायला सोपी जागा आहे त्याने थांबायचे, अशी समजूतदार रीत आहे. रुंद बोटीला थांबणे अधिक जड जाते, म्हणून बहुतेक नॅरोबोटवाले आपणहून काठाला लागतात.

भोकांचा तळ हा आणखी एक उपद्रव. पुलावरून लोक दगड, विटा, लोखंड टाकतात. शहरात तर सायकली आणि दुकानांच्या ढकलगाड्याही पाण्यात सापडतात. नॅरोबोट ते सगळे चुकवून मधल्या खोल चरातून निघून जाते. रुंद आणि सपाट तळाच्या बोटीला चर पुरत नाही, तिचा एखादा कोपरा ढिगाऱ्यावर चढतो आणि बोट किंचित कलते. कललेल्या बोटीच्या छपराचा एक कोपरा वर जातो, आणि मघाशी पाहिलेल्या ३० सेंटिमीटरच्या हिशेबातले सगळे आकडे बदलतात.

रुंद बोटी चालवण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न १९३० च्या दशकात झाला. लंडन ते बर्मिंगहॅम हा मार्ग १९२९ मध्ये ग्रँड युनियन या एका कंपनीखाली आला. ब्राउन्स्टनपासून बर्मिंगहॅमपर्यंतची लॉक अजून सात फुटी होती. रेल्वे आणि मोटारगाड्यांशी झुंजायचे तर मोठी बोट हवी, म्हणून कंपनीने सरकारी मदतीने पन्नासावर नवी रुंद लॉक काँक्रीटमध्ये बांधली. हॅटन येथे २१ लॉकची उतरंड आहे. तिथे १९३४ मध्ये ड्यूक ऑफ केंटच्या हस्ते उद्घाटन झाले. त्यासाठी ‘प्रोग्रेस’ नावाची एक रुंद मालबोट मुद्दाम बांधून घेतली होती. लॉक रुंद झाली. मधला कालवा मात्र पुरेसा खोल आणि रुंद झाला नाही, पुलांचे गळे राहिले, बोगदे राहिले. दोन रुंद बोटी समोरासमोर आल्या तर कोंडी ठरलेली. ‘प्रोग्रेस’सारख्या बोटींचा ताफा कधी उभा राहिलाच नाही. कंपनीने नॅरोबोटींच्या जोड्या चालवल्या : पुढे इंजिनाची ‘मोटर’, मागे ओढली जाणारी ‘बटी’. लॉकमध्ये दोघी शेजारी शेजारी, अरुंद वाटेवर एकीमागे एक. चौदा फुटांची बोट गरजेप्रमाणे सात फुटांची व्हावी, याहून चांगले उत्तर त्या मार्गाला मिळाले असते असे वाटत नाही. अशी एक जोडी बहुतेक वेळा बोटीवरच राहणारे एकच कुटुंब चालवी. १९४८ मध्ये कालव्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९६२-६३ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठले, आणि नियमित मालवाहतूक बहुतेक ठिकाणी संपली ती कायमचीच.

त्यानंतरचा इतिहास कालवे वाचवणाऱ्यांचा आहे. एल. टी. सी. रोल्ट यांचे ‘नॅरो बोट’ हे पुस्तक १९४४ मध्ये आले, १९४६ मध्ये इनलँड वॉटरवेज असोसिएशन स्थापन झाली, १९६८ च्या वाहतूक कायद्याने विहारासाठीच्या जलमार्गांना मान्यता दिली. केनेट-एव्हनसारखा मोडकळीला आलेला कालवा स्वयंसेवकांच्या श्रमांतून १९९० मध्ये पुन्हा सलग खुला झाला. २०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे ३,२०० किलोमीटरचे जलमार्ग ‘कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट’ ही धर्मादाय संस्था सांभाळते.

आताची रुंद बोट, ‘वाइडबीम’, ही मुख्यतः राहायची बोट आहे. लंडनमधली घरे परवडेनाशी झाली तशी कालव्यावर राहणाऱ्यांची संख्या वाढली, आणि सहा फूट दहा इंचांच्या नॅरोबोटीत संसार थाटण्यापेक्षा दहा-बारा फुटांची बोट कुणालाही हवीशी वाटते. आत पलंगाभोवती फिरता येते, जिन्यापाशी वाट अडत नाही, मुलांना वेगळी खोली देता येते. ही गरज खरी आहे आणि तिला हौस म्हणणे चुकीचे ठरेल. पण लॉकचे माप पाहून बोट घेतली जाते आणि पुलांचे माप नंतर कळते. ग्रँड युनियनवर ब्लिसवर्थ (१८०५ मध्ये खुला, २.८ किलोमीटर) आणि ब्राउन्स्टन (१७९६, सुमारे १.९ किलोमीटर) या बोगद्यांत दोन नॅरोबोटी समोरासमोर येऊन एकमेकींना ओलांडू शकतात. रुंद बोट आत असेल तर ते शक्य नाही, म्हणून तिला आधी कळवून वेळ ठरवून घ्यावी लागते आणि तेवढा वेळ समोरची वाहतूक रोखली जाते. ब्राउन्स्टनचा बोगदा तर खणतानाच मध्ये वाकडा गेला आहे, त्यामुळे तिथे डोळ्यांवर विसंबताही येत नाही.

पुलांसाठी अशी वेळ ठरवून घेण्याची सोय नाही. तिथे बोटीच्या मालकानेच आधी माप काढायचे असते, आणि ते तीन ठिकाणी काढावे लागते : पाण्याच्या रेषेवर बोट किती रुंद आहे, छपराच्या पातळीवर किती, आणि छपराचा कोपरा पाण्यापासून किती उंच. हलकी बोट उंच तरंगते. म्हणून घरचे सामान चढवल्यावर, पण पाण्याच्या आणि डिझेलच्या टाक्या रिकाम्या होत आल्यावर मोजलेली उंची खरी. पुलांची मापेही अडीचशे वर्षांत हललेली असतात. जमीन खचून कोळशाच्या खाणींच्या भागात पूल खाली आले आहेत, काही ठिकाणी भिंती आत सरकल्या आहेत, काही कमानी मोटारींच्या ओझ्याने चपट झाल्या आहेत. जुन्या माहितीपत्रकातला आकडा प्रमाण मानण्यापेक्षा त्या मार्गावरून नुकत्याच गेलेल्या तेवढ्याच रुंदीच्या बोटीच्या सुकाण्याला विचारणे, आणि शंका असलेल्या पुलापाशी बोट काठाला बांधून घोडवाटेवरून चालत जाऊन बांबूने कमान मोजून येणे, हाच तिथला रिवाज आहे. माप जुळले नाही तर रुंद बोट क्रेनने उचलून, ट्रकवर घालून, पुढच्या रुंद कालव्यात सोडतात. उत्तरेच्या कालव्यांवरून लंडनकडे जाणाऱ्या चौदा फुटी बोटीला मधले सात फुटी जाळे असेच रस्त्याने ओलांडावे लागते.